वडिलांनी दिलेला दमा

११ फेब्रुवारी
हार्वेल, जॉर्जिया

मास्टर सार्जंट व्हर्नन क्रॅडॉक (निवृत्त) यांना,

आधी वर 'डॅड' लिहिलं होतं. मग तो कागद फाडला. चार वर्षांत आपण एकमेकांना ख्रिसमसचं कार्डसुद्धा धाडलेलं नाही, तेव्हा एवढ्या गोडीचं काही कारण नाही. काम आहे म्हणून लिहिते आहे. फोनच करणार होते, पण तुमचा फोन रोंडा उचलते आणि तिचं ते 'हाय, शुगर' ऐकलं की माझं डोकं उठतं.

काम असं आहे. मला दातांच्या डॉक्टरकीला जागा मिळाली आहे, तिसऱ्या खेपेला. सैन्याची एक शिष्यवृत्ती असते. चार वर्षांची फी ते भरतात आणि त्या बदल्यात पुढे चार वर्षं त्यांच्याकडे नोकरी करायची, सैनिकांचे दात बघायचे. तिला मी अर्ज केला आहे. तुम्ही हसाल. 'मरेन, पण तो गणवेश अंगाला लावून घेणार नाही' असं मीच तुमच्या तोंडावर म्हणाले होते, आणि तेव्हा तुम्ही हातातला जेवायचा काटा माझ्या अंगावर फेकला होता. हसून घ्या. पण कर्ज काढून शिकायचं तर केस पिकेपर्यंत फेडत बसावं लागेल, आणि आईच्या जामिनावर आता कोणी कर्ज देत नाही. का देत नाही ते तुम्हीच तिला विचारा. शिष्यवृत्ती मिळाली तर ऑगस्टमध्ये कॉलेज सुरू होईल. नाही मिळाली तर जागा दुसऱ्याला जाईल, आणि चौथ्यांदा अर्ज करण्याचं बळ माझ्यात नाही.

परवा वैद्यकीय तपासणी झाली. कागदी झगे घालून आम्हाला रांगेत बदकासारखं चालायला लावलं. शाळेतून नुकत्याच सुटलेल्या पोरी, आणि त्यांच्यात मी पंचविशीची. माझ्या पुढची पोरगी हळूच म्हणाली, "आमच्या भरतीवाल्याने सांगितलंय, काहीही विचारलं तरी नाही म्हणायचं." मी म्हटलं, मला तसं शिकवावं लागत नाही, मला खरंच काही झालेलं नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "दमा?"

"नाही, सर."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. सैनिकांच्या पोरांचा शेंबूड जरी कोणी पुसला असेल तरी त्याची नोंद सरकारकडे असते, हे मी विसरले होते. छावणीच्या दवाखान्यातलं माझं सगळं बालपण तिथे होतं. सात ते चौदा वर्षांपर्यंत: दमा. थंड हवेचा त्रास. श्वासासाठी फवारा दिला.

"बाई," डॉक्टर म्हणाले, "खोटं बोलायचं तर निदान जरा जपून तरी बोला."

त्या खोलीत खरं बोलणारी बहुधा मी एकटीच होते, आणि खोटारडी ठरले तीही मीच.

माझा अर्ज सार्जंट यबारा नावाच्या बाई बघतात. लारेडोच्या आहेत. बोलताना पेन्सिल चावतात. त्या म्हणाल्या, "अर्ज बाद झालेला नाही, अडकलाय. वयाच्या तेराव्या वर्षानंतर दमा असला की सैन्य दार लावून घेतं. सूट मागता येते, पण सूट देणारे विचारणारच की ही नोंद मग आली कुठून. तुझे आईवडील काय म्हणतात?"

"वडील फ्लोरिडात असतात."

"फ्लोरिडात टपाल जात नाही का?"

म्हणून हे पत्र. मला फक्त दोन ओळी हव्या आहेत. 'मॅरिबेथला दमा कधीच नव्हता. मी तिला खोकायला शिकवलं होतं.' खाली तुमची सही. तुम्ही बापाचं कुठलंच काम केलं नाहीत असं मी म्हणत नाही, पण हे एक तरी करा.

मॅरिबेथ


६ मार्च
हार्वेल

मास्टर सार्जंटसाहेब,

तुम्ही मला उत्तर पाठवलं नाहीत. आईला फोन केलात. उंटावरून शेळ्या हाकायची तुमची सवय काही गेलेली नाही.

आई सांगत होती, तुम्ही म्हणालात, "तिला म्हणावं, वाढत्या वयात दमा गेला असं लिहून मोकळी हो. उगाच जुनं उकरून कोणाला काय मिळणार आहे?" वर असंही म्हणालात की निवृत्त माणसाच्या मागेसुद्धा चौकशी लागू शकते, रोंडाची तब्येत बरी नसते आणि नावेचं इंजिन अजून दुरुस्त करायचं आहे. नावेच्या इंजिनाचा माझ्या फुप्फुसांशी काय संबंध, ते आईलाही कळलं नाही.

मी यबाराबाईंना विचारलं. 'वाढत्या वयात गेला' असले अर्ज त्यांनी ढिगाने पाठवलेत आणि ढिगाने परत आलेत. नियम तेराचा आहे. चौदाव्या वर्षी ज्याला दमा होता, त्याला होता. तेव्हा तुमची युक्ती चालत नाही. तुमची एक युक्ती चालली नाही, याची कुठेतरी नोंद करून ठेवा.

मी श्वासाची चाचणी करून घेतली. नळीतून एक औषध ओढायला देतात. दमेकऱ्याची छाती त्याने आवळते. मग आणखी कडक देतात, मग त्याहून कडक. मी आपली ओढत होते आणि फुंकत होते. शेवटी तो चाचणी घेणारा माणूस कंटाळून म्हणाला, "पोरी, या फुप्फुसांनी तू ट्रकचा टायर फुगवशील. तुला दमा आहे असं सांगितलं कोणी?"

"एका सार्जंटने," मी म्हणाले. त्याला वाटलं मी थट्टा करते आहे.

तुम्ही विसरला असाल, म्हणून आठवण करून देते. अलास्काच्या बदलीचा हुकूम आला त्या आठवड्यात तुम्ही मला गॅरेजमध्ये उलट्या बादलीवर बसवलंत. "घशातून नाही, बेथ. पोटातून. आणि खोकून झालं की लगेच बोलायचं नाही. दम लागल्यासारखं थांबायचं, मग बोलायचं." मी सात वर्षांची होते. मला वाटलं, तुम्ही माझ्याशी खेळताय. तुम्ही माझ्याशी कधी खेळत नसायचात, त्यामुळे मी जीव ओतून खोकले. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या त्या डॉक्टरीणबाईंनी मला पोटाशी धरलं. बाहेर आल्यावर तुम्ही मला उकडलेल्या शेंगांचा पुडा घेऊन दिलात आणि माझ्या डोक्यावर थाप मारलीत.

ज्याच्या घरात आजारी मूल आहे त्याला सैन्य लांबच्या, थंड ठिकाणी धाडत नाही. चांगला नियम आहे, खरोखर आजारी मुलांसाठी केलेला. तुमच्या जागी शेजारचे पॅजेट गेले. ऐन शालेय वर्षाच्या मध्यावर कोरी पॅजेटने तिची खेळणी अंगणात मांडून विकली. तिची सायकल मी घेतली. तिच्या आईने मला विचारलं, "तुझ्या छातीचं कसं आहे गं आता?" मी लगेच बोलले नाही. दम लागल्यासारखं थांबले आणि मग बोलले. इतकी छान शिकले होते मी.

पुढे दर काही वर्षांनी ती नोंद ताजी करावी लागायची. चौदाव्या वर्षी मी शाळेच्या संघातून लांब पल्ल्याच्या शर्यती धावत होते. दवाखान्यात जायच्या दिवशी तुम्ही फ्रिजवर लावलेली माझी बक्षिसाची फीत काढून खिशात घातलीत. "डॉक्टर काय आपल्या घरी जेवायला येणार आहेत का?" असं आई म्हणाली. तुम्ही म्हणालात, "काळजी घेतलेली बरी."

आईला वाटायचं, तिची शाळेतली नोकरी सुटू नये म्हणून तुम्ही एवढा आटापिटा करताय. ती अजूनही ते मधूनमधून बोलून दाखवते. "तेव्हा तरी माझा विचार केला होता त्याने." छावणीच्या किराणा दुकानात गल्ल्यावर कोण बसत होतं, हे तिला नंतर कळलं आणि मला त्याहून नंतर. म्हणजे मी सगळं लहानपण रोंडासाठी खोकत होते. बायकोला फसवणारे पुरुष जगात पुष्कळ आहेत. त्यासाठी पोटच्या पोरीच्या छातीमागे लपणारा मी एकच पाहिला.

चाचणीचा निकाल यबाराबाईंनी फाइलला लावला आहे. आता फक्त तुमच्या दोन ओळी राहिल्या. शिष्यवृत्तीची समिती एप्रिलच्या शेवटी बसते. इंजिन थोडं थांबेल.

मॅरिबेथ


८ एप्रिल
हार्वेल

साहेब,

तुमचं पत्र मिळालं. मला नाही, यबाराबाईंना मिळालं. मला त्यांनी ते वाचायला दिलं. टंकलेखन सुबक आहे, रोंडाने केलं असावं.

तुम्ही प्रत ठेवली नसेल तर इथे उतरवून देते. मला ते पाठ झालं आहे.

'माझी कन्या मॅरिबेथ ही लहानपणी अतिशय हुशार होती, परंतु तिला खोटे बोलण्याची खोड होती. मी कर्तव्यानिमित्त सतत बाहेर असे. माझे लक्ष वेधून घेण्यासाठी ती खोकल्याचे सोंग करू लागली. त्या सोंगाला मी, माझी तेव्हाची पत्नी आणि डॉक्टरही फसलो. पुढे तिने माझ्याजवळ रडून कबुली दिली. बाप या नात्याने मी तिला केव्हाच क्षमा केली आहे. आता ती देशसेवेस योग्य आहे, असे मी माझ्या संपूर्ण सेवेला स्मरून सांगतो.'

तुम्ही मला क्षमा केली आहे. चोराच्या उलट्या बोंबा मी पुष्कळ ऐकल्या होत्या, पण चोर बोंब मारून झाल्यावर माफीही देतो, हे पहिल्यांदाच पाहिलं. मी ते पत्र दोन बोटांत धरून वाचलं. मी नोकरी करते त्या दातांच्या दवाखान्यात कुजलेली दाढ काढतो ना आम्ही, तिचा वास मला सवयीचा आहे. तोंडाला पट्टी लावून मी ते रोज सहन करते. या कागदाचा वास मात्र सहन होईना. तुमचं खोटं तर जुनंच आहे. पण 'रडून कबुली दिली' हे तुम्ही बसून, विचार करून रचलंत. मला रडवायची काय गरज होती? नुसतं कबुली दिली म्हणाला असतात तरी तुमचं काम भागत होतं.

यबाराबाई मात्र खूश झाल्या. "अगं, सोनं आहे हे. आजार नव्हताच, पोरीचं सोंग होतं. पोरं सोंगं करतातच. चाचणी स्वच्छ, बापाची साक्ष, आणखी काय पाहिजे? खाली 'वरील मजकूर खरा आहे' लिहून सही कर. पुढच्या शुक्रवारी चारच्या आत दे, मी वर पाठवते."

"पण हे खोटं आहे."

त्यांनी पेन्सिल तोंडातून काढली. "किती खोटं?"

"खोकले मी. पण शिकवलं त्यांनी. मी सात वर्षांची होते."

"मग अर्धं तरी खरं आहे. सैन्यात अर्ध्यावर पुष्कळ चालतं." मग जरा आवाज उतरवून म्हणाल्या, "हे बघ, माझा बापही काही संत नव्हता. माझी आई गेली तेव्हा तो बोलिंग खेळत होता. पण त्याची सही चालायची. तू सहीकडे बघ, माणसाकडे बघू नकोस."

घरी आईला सांगितलं. ती भेंडी तळत होती.

"सही कर," ती म्हणाली.

"आई, त्यांनी मला खोटारडी म्हटलंय. सरकारी कागदावर."

"तुझ्या बापाने जन्मात पहिल्यांदा कोणाच्या उपयोगी पडेल असं खोटं लिहिलंय. पदरात पाडून घे. पुन्हा लिहायचा नाही." मग झारा आपटत म्हणाली, "माझं नाव आहे का त्यात?"

"'तेव्हाची पत्नी' असं लिहिलंय."

तिने पुढचा घाणा तेलात सोडला. "तेव्हाची म्हणे," एवढंच पुटपुटली. ती भेंडी करपली, तरी आम्ही दोघींनी ती खाल्ली.

मी सही केलेली नाही. बुधवारी माझी मुलाखत आहे. कर्नल वॉर्नेल म्हणून आहेत, सैन्यातले जुने दंतवैद्य. समितीपुढे त्यांच्या शब्दाला वजन आहे म्हणतात. मी त्यांना सगळं खरं सांगणार आहे. त्याआधी तुम्ही हे पत्र मागे घेऊन दुसरं धाडलंत तर बरं. चौकशीची भीती तुम्हाला आहे, मला नाही. आणि कृपा करून यापुढे मला क्षमा करू नका.

मॅरिबेथ


१५ एप्रिल
हार्वेल

सार्जंट क्रॅडॉक,

तुमचा जय झाला. आधी तेच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्हाला नावेत पाय पसरून वाचता येईल.

कर्नल वॉर्नेल फार गोड माणूस आहे. गुलाबी गाल, पांढरे केस, टेबलावर पेपरमिंटच्या गोळ्यांची वाटी. मला त्यांनी आधी हसायला सांगितलं आणि माझे दात बघून मान डोलावली. "दात का? हृदय नाही, मेंदू नाही, दातच का?"

मी खरं तेच सांगितलं. लहानपणी छावणीच्या दवाखान्यात दातांचे एक डॉक्टर होते. तिथे फक्त तोंड उघडायचं असायचं, बोलायचं काही नसायचं. दवाखान्यात जायची मला भीती वाटायची, पण त्यांच्या खोलीत कधी वाटली नाही.

"का बरं? मुलं तर उलट आम्हालाच घाबरतात."

मग मी सांगितलं. गॅरेज, बादली, अलास्का, पॅजेट. रोंडासुद्धा सांगितली. बोलताना मी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. मी हे आजवर कोणालाच सांगितलेलं नव्हतं. मला वाटलं, हे ऐकून कर्नलचे गुलाबी गाल उतरतील. ते उठतील, दार लावतील, कोणाला तरी बोलावतील. मी त्याची तयारी ठेवली होती. आदल्या दिवशी मी कॉलेजला नकार कसा कळवायचा तेही लिहून पाहिलं होतं.

कर्नल हसले. वाईट हसले नाहीत, अगदी मायेने हसले. "अलास्काचा हुकूम निघाला की निम्मी छावणी खोकायला लागायची. आमच्या एका कॅप्टनच्या पोराला कोरियाचं नाव काढलं की पुरळ उठायचं. पुरळ, कळलं का? ते कसं आणायचा देव जाणे." मग त्यांनी वाटी पुढे केली. "घे, गोळी घे."

मी गोळी घेतली. का घेतली माहीत नाही. कर्नल देत होते.

"हे सगळं लिहून घ्या, सर," मी म्हणाले.

"लिहून घेतलं तर काय होईल सांगू? चौकशी लागेल. वकील येतील, तुझ्या वडिलांना बोलावतील, ती डॉक्टरीण जिवंत असेल तर तिलाही. तुझी फाइल तोवर खाली राहील. वर्ष जाईल, दोनही जातील. कॉलेज थांबणार आहे का तुझ्यासाठी?"

"नाही."

"मग मी काही ऐकलेलं नाही. मुली, सैन्याला तुझी फुप्फुसं पाहिजेत, तुझा बाप नको आहे. त्याने कागद दिलाय ना? घे आणि पुढे हो. चार वर्षांनी माझ्यासारख्या म्हाताऱ्याच्या जागी येऊन बस."

मी बाहेर आले ती गाडीत बसून राहिले. तुमची किळस येते याची मला सवय आहे. ती एका माणसाची किळस होती, एका जागी होती. तो माणूस फ्लोरिडात आहे आणि बाकीचं जग धड आहे, असं धरून मी चालले होते. आणि हा भला म्हातारा, ज्याने आयुष्यात बहुधा कधी खोटी सही केली नसेल, तो सगळं ऐकून मला गोळी देतो. कोणी दचकलंच नाही. ज्याच्या ओझ्याने मी इतकी वर्षं वाकून चालले, ते त्यांच्या लेखी जेवणानंतरच्या गप्पांतला एक किस्सा होता. आता तो त्या पुरळवाल्या पोराच्या बरोबरीने माझाही किस्सा सांगत असेल.

परवा शुक्रवार आहे. चार वाजता कार्यालय बंद होतं. मी अजून सही केलेली नाही. मी हे विशेष टपालाने धाडते आहे, उद्या तुमच्या हातात पडेल. तुम्हाला अजून एक संधी देते आहे आणि ती मी का देते आहे, याचीही मला लाज वाटते. दोन ओळी. यबाराबाईंच्या कार्यालयात फॅक्स चालतो. मग चौकशी झाली तर होऊ दे, जागा गेली तर जाऊ दे, निदान आपल्यापैकी एकाने तरी एकदा खरं लिहिलं असं होईल. तुम्ही लिहिलंत तर मीही लिहीन. एकटीने लिहायचं धैर्य माझ्यात नाही. हे मी तुम्हालाच सांगते आहे, म्हणजे माझी काय गत झाली असेल ते बघा.

मॅरिबेथ


१४ जून
हार्वेल

सार्जंट क्रॅडॉक,

कालच्या शपथविधीचे फोटो आईच्या फोनवर आले. रोंडाने पाठवले. तिची टोपी सगळ्या फोटोंत आहे.

तुम्हाला मी बोलावलं नव्हतं. यबाराबाईंनी परस्पर कळवलं. त्यांना वाटलं, मुलगी अधिकारी होते आहे आणि बाप जुना सार्जंट, नव्या अधिकाऱ्याला पहिली सलामी बापाने द्यावी यापरतं भाग्य ते कोणतं? फोटो भरतीच्या भिंतीवर लावायलाही बरा. म्हणून त्यांनी चांदीचा डॉलरसुद्धा स्वतःच आणून माझ्या मुठीत ठेवला. पहिली सलामी देणाऱ्याला नव्या अधिकाऱ्याने तो द्यायचा असतो, ती रीत आहे. रीत मोडली की अपशकुन होतो म्हणतात.

तुम्ही गणवेशात आलात. कोटाचं मधलं बटण लागत नव्हतं, तिथे रोंडाने आतून पिन लावली होती. मी हात वर करून शपथ घेतली. कोणताही आडपडदा न ठेवता, असे शब्द आहेत त्यात. ते म्हणताना माझा आवाज चढला, असं आई म्हणते. मला आठवत नाही.

मग तुम्ही समोर आलात, टाचा जुळवल्यात आणि सलामी दिलीत. काही झालं तरी सलामी सुरेख देता तुम्ही. हाताची रेघ जराही वाकडी नव्हती.

वरच्याने उलट सलामी देईपर्यंत खालच्याने हात खाली घ्यायचा नसतो. मी हात उचलला नाही. मुद्दाम उचलला नाही, हे तुम्हाला कळलं असेल असं मला वाटलं होतं. तुम्ही तसेच उभे राहिलात. तुमचा दंड थरथरायला लागला. लोकांना वाटलं, मला भरून आलंय. कोणीतरी नाक ओढलं. यबाराबाई मागून हळूच म्हणाल्या, "लेफ्टनंट. हात."

मी तुमच्या चेहऱ्याकडे बघत होते. मला तिथे काहीतरी सापडायला हवं होतं. ओशाळेपणा, भीती, निदान राग. डोळे भरलेले होते तुमचे, आणि त्यात नुसता अभिमान होता. खरा, निखळ अभिमान. तुम्ही काही लपवत नव्हता. तुम्ही विसरला होता. ते पत्र लिहून झाल्यावर तुमचा त्याच्यावर विश्वास बसला होता. खोडकर पोरगी होती, बापाने माफ केलं, आज तिचं नाव झालं. तुमच्या आठवणीत आता तेवढंच उरलं आहे, आणि ते तुम्ही सुखाने मरेपर्यंत रोंडाच्या भावंडांना सांगत राहाल. तेव्हा मला इतकी शिसारी आली की तिथे आणखी उभं राहवेना. मी सलामी परत केली. डॉलर तुमच्या हातात ठेवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तुम्ही वाकून माझ्या कानात म्हणालात, "बघ, जमलं की नाही? क्रॅडॉकचं रक्त आहे शेवटी."

आई तुमच्याशी दोन शब्द बोलली, तेही केकबद्दल. रात्री मी तिला विचारलं, राग नाही आला? ती म्हणाली, "रागावून तुझी फी कोण भरणार होतं?" मग पाय चोळत बसली. तिला उभं राहून त्रास होतो हल्ली.

त्या शुक्रवारचं तुम्हाला सांगायचं राहिलं. मी दुपारपासून यबाराबाईंच्या कार्यालयात फॅक्सच्या यंत्रापाशी बसले होते. एकदा ते घरघरलं. मी उठले. कुठल्या तरी गाद्यांच्या दुकानाची जाहिरात होती. मग माझा फोन वाजला. तुमचा निरोप, रोंडाच्या फोनवरून: 'शुगर, वेडेपणा करू नकोस. सही कर.' 'शुगर' तिने लिहिलं की तुम्ही, ते मला ठरवता आलं नाही. यबाराबाईंनी घड्याळाकडे बघितलं आणि पेन माझ्यापुढे सरकवलं.

मी ते पत्र तिथे पुन्हा एकदा वाचलं, पहिल्या ओळीपासून. तुम्ही सतत बाहेर असायचात, हे खोटं. तुम्ही फसलात, हे खोटं. मी रडून कबुली दिली, हेही खोटं. आणि वर लिहिलं होतं की या मुलीला खोटं बोलण्याची खोड आहे. तुम्ही ते लिहिलंत त्या दिवशी तेही साफ खोटं होतं.

मग मी खाली 'वरील मजकूर खरा आहे' असं लिहिलं आणि सही केली. आता त्या कागदावर खोडीचं तेवढं एक वाक्य खरं आहे.

लेफ्टनंट मॅरिबेथ क्रॅडॉक